मदत हवी आहे: ओढ्याकाठची भिंत पूर ओसरल्यावर पडली, आता उंच बांधावी का?

नमस्कार मंडळी,

आमची सहा घरांची रांग ओढ्याला लागून आहे, मधे फक्त एक संरक्षक भिंत. एरवी ओढ्यात घोटाभर पाणी असतं. ते बघूनच घर घेताना आम्ही "काय निवांत जागा आहे!" म्हणालो होतो. असो.

गेल्या महिन्यात पूर आला. आमच्याकडे पाऊस बेताचाच होता, पण वरच्या अंगाला दीड तास कोसळत होता. तिथला टेकडीचा उतार गेल्या काही वर्षांत इमारती आणि पार्किंगने भरलाय. पाणी चढायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जे झालं ते क्रमाने सांगतो, कारण मला हा क्रमच कळत नाहीये.

सगळ्यात आधी पाणी आलं ते बाथरूमच्या जाळीतून. तेव्हा ओढा भिंतीच्या माथ्यापासून चांगला दोन फूट खाली होता. मग खालच्या रस्त्याखालच्या दोन पाइपांपैकी एकाच्या तोंडाशी ओंडका आडवा बसला, त्याला कुणाची तरी गादी येऊन अडकली आणि पाणी मागे फुगत आलं. ते भिंतीवरून अंगणात शिरलं, गुडघाभर. रात्री अकराला ओसरलं. आम्ही सुटलो म्हणून झोपलो आणि पहाटे चारला तीस फूट भिंत धाडकन पडली. ओढ्यात पाणी नसताना! आणि पडली तीही ओढ्याच्या दिशेने.

शेजाऱ्यांचं ठरत आलंय की नवी भिंत तीन फूट उंच करायची आणि जमलं तर तीन फूट पुढेही सरकवायची, म्हणजे अंगण वाढेल. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते नीट मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ओढ्यात घर बांधलं की ओढा घरात येणारच. याला भिंत काय करणार?

धागाकर्ता

मान्य. पण आता राहतोय तिथे. उपाय असेल तर सांगा.

प्रतिसाद २

पाया आणि भरावाच्या कामात बरीच वर्षं गेली म्हणून लिहितो. पहाटे चारला पडली यात नवल नाही, अशा भिंती बहुतेकदा पाणी उतरतानाच जातात. ओढा भरलेला असतो तेव्हा त्याचं पाणी भिंतीला बाहेरून टेकू देत असतं. ओढा तासाभरात उतरतो, पण भिंतीमागच्या भिजलेल्या मातीतलं पाणी तितक्या लवकर उतरत नाही. टेकू गेला, मागचा रेटा तसाच राहिला. हा रेटा किती, तर एक मीटर उंचीचं पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण अर्धा टन ढकलतं. उंची दोन मीटर झाली की दोन टन. उंची दुप्पट, रेटा चौपट. त्यात मातीचा भार वेगळाच.

दोन गोष्टी बघून सांगा. भिंतीत पाणी झिरपून जायला भोकं होती का? आणि पाया ओढ्याच्या तळाखाली किती होता?

धागाकर्ता

जुने फोटो काढले. भोकं होती. ती मीच दोन वर्षांपूर्वी सिमेंटने बुजवली, कारण त्यातून मातीचे ओघळ यायचे आणि भिंत घाण दिसायची. हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पाया तळाखाली जेमतेम फूटभर होता. पडलेल्या भागाखाली तर तोही उघडा पडलाय, खालची माती गेली आहे. हा भाग वळणावर आहे.

प्रतिसाद २

वळणाची बाहेरची बाजू असणार. तिथे धार जोराने घासते आणि तळ खोल होत जातो. पूर ओसरताना गाळ परत बसतो, त्यामुळे नंतर गेलात तर तळ फारसा खचलाय असं वाटतच नाही. म्हणजे मागून रेटा आणि खालून आधार गेलेला. आहे त्याच पायावर उंची वाढवलीत तर याहून वाईट पडेल. भोकं ठेवा, पण मागे खडी आणि गाळणीचं कापड घाला. तुमचे ओघळ त्यानेच थांबले असते.

प्रतिसाद ३

बाथरूमचं कोडं सोपं आहे. तुमची ड्रेनेजची लाइन ओढ्याच्या काठानेच जात असेल आणि तिच्या चेंबरांमधून पुराचं पाणी शिरलं असेल. चेंबरमधली पातळी तुमच्या बाथरूमच्या फरशीच्या वर गेली की पाणी उलटं येतं. भिंत आकाशाला टेकवलीत तरी येईल. घराच्या बाहेरच्या चेंबरपाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण उलटं येऊ न देणारी झडप) बसवा. फक्त तो बंद झालेला असताना घरात पाणी वापरायचं नाही, कारण तुमचंही पाणी बाहेर जाणार नाही. लोक हे विसरतात आणि स्वतःच्याच सांडपाण्यात उभे राहतात.

आणि उंच भिंतीच्या आत पडलेला पाऊस कुठून बाहेर जाणार, हे शेजाऱ्यांना विचारा.

प्रतिसाद ४

कुणीतरी तुम्हाला "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, आता काळजी नाही" असं सांगेलच.

धागाकर्ता

चौथ्या घरातल्या काकांनी परवाच सांगितलं!

प्रतिसाद ४

त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तितकीच. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. शिवाय हा हिशेब जुन्या नोंदींवर केलेला असेल तर वरची टेकडी तेव्हा मातीची होती. एका हेक्टरवर तासात ५० मिमी पाऊस पडला तर ते ५०० घनमीटर पाणी होतं. काँक्रीट आणि डांबर त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास लगेच सोडून देतं. गवताळ उतार बरंच मुरवतो आणि उरलेलं सावकाश सोडतो. तुमची वीस मिनिटं तिथून आली.

धागाकर्ता

काल टेप घेऊन गेलो. आमच्यापाशी ओढा १५ फूट रुंद आणि भिंतीच्या माथ्यापर्यंत ७ फूट खोल, म्हणजे १०५ चौरस फूट. खालचे पाइप चार फूट व्यासाचे, दोन्ही मिळून २५. एक तुंबला की साडेबारा. आम्ही इतके दिवस भिंतीवर भांडत होतो आणि बूच खाली आहे! शेजाऱ्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. तीन फूट पुढे सरकायचा विषय लगेच संपला. उंचीवर दोघं अजून अडून आहेत. पाइपांच्या जागी मोठी मोरी व्हावी म्हणून पालिकेला सहाही घरांच्या सह्यांचा अर्ज देतोय, पूर आला त्या दिवसाचे फोटो जोडून.

आता तातडीचं. पाऊस अजून बाकी आहे आणि तीस फूट काठ उघडा आहे. पडलेल्या भिंतीचे तुकडे ओढ्यातच आहेत. काढू की राहू देऊ?

प्रतिसाद २

प्रवाहात पडलेले काढा, नाहीतर धार वळून काठावर येईल. पण काठाच्या पायथ्याशी खणू नका. जे तुकडे तिथेच टेकून बसलेत ते राहू द्या, शेजारी वाळूची पोती रचा. उघड्या मातीवर ताडपत्री घाला आणि छपराचं पाणी पाइपने दुसरीकडे न्या, त्या काठावर एक थेंब सोडू नका. काठापासून दहा फूट आत दोरी बांधा, गाडीही तिकडे लावू नका. अंगणात काठाला समांतर तडा दिसतोय का? दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजा. वाढत असेल तर इथे लिहीत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

धागाकर्ता

तडा आहे. बोटभर रुंद, जिन्यापर्यंत गेलाय. खुंट्या आत्ताच ठोकतो आणि इंजिनिअरलाही उद्याच बोलावतो.