वसतिगृहातून भाड्याच्या घराकडे: संस्थेची घडी कशी बदलावी?

वारणाकाठ (प्रश्न):

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी दिव्यांग प्रौढांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी मी नुकतीच स्वीकारली आहे. संस्थापकांनी वयोमानामुळे रोजचे काम सोडले असले, तरी ते विश्वस्त मंडळावर आहेत आणि त्यांच्या शब्दाला वजन आहे. वसतिगृहातील काही जण आता कमावते झाले असून त्यांना गावात किंवा जवळच्या शहरात खोली घेऊन, लागेल तेवढी मदत घेत स्वतंत्र राहायचे आहे.

त्यांची मागणी मला रास्त वाटते. आमच्याकडे मदतनीसांची पाळी पहाटे पाचला सुरू होते, म्हणून नोकरीवर जाणाऱ्यांना ऐन थंडीतही पाचलाच अंघोळ उरकावी लागते. संध्याकाळी साडेसातला फाटक बंद होते; त्यामुळे पतसंस्थेत काम करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एका बाईंना मार्चअखेरीस कार्यालयात थांबायचे झाल्यास आदल्या दिवशी माझी लेखी परवानगी घ्यावी लागते.

मंडळाचे म्हणणे असे की बाहेर कोणाला काही झाले तर नाव संस्थेचे खराब होईल. देणगीदार इमारतीच्या खोलीसाठी किंवा व्हीलचेअर वाटपासाठी आनंदाने पैसे देतात, परंतु मदतनीसाच्या मासिक पगाराचे नाव काढले की विषय बदलतात. पगारावर कोनशिला बसवता येत नाही, हे मीही समजू शकते. शिवाय नऊ विश्वस्तांपैकी एकही जण दिव्यांग नाही. सुरुवात मंडळापासून करावी की खोल्यांपासून, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

चाकांवरचा पुणेकर:

ताई, सुरुवात मदतनीसापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीमुळे माझे कमरेखालचे शरीर लुळे आहे आणि मी पुण्यात तळमजल्यावरील भाड्याच्या घरात राहून नोकरी करतो. पलंगावरून खुर्चीत यायला आणि अंघोळीला मला माणूस लागतो, तरीही मी स्वतःला स्वतंत्र समजतो, कारण तो माणूस कोण असावा आणि त्याने किती वाजता यावे हे मी ठरवतो. आपल्या संस्थेत मदतनीसाची निवड, त्याचा पगार आणि त्याला कामावरून काढणे या तिन्ही गोष्टी कार्यालयाच्या हातात आहेत, हे पाचच्या अंघोळीवरूनच दिसते. हीच व्यवस्था भाड्याच्या खोलीत नेलीत, तर ती खोली वसतिगृहाची शाखा होईल.

अमेरिकेत बर्कली येथे १९७२ मध्ये जे पहिले स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झाले, त्याच्या मागे एड रॉबर्ट्स आणि त्यांचे दिव्यांग सहकारी होते. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांना श्वासोच्छ्वासासाठी ‘लोखंडी फुप्फुस’ नावाच्या श्वासयंत्रात झोपावे लागे, आणि ते अवजड यंत्र विद्यार्थी वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून १९६२ मध्ये त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करावी लागली होती. त्या केंद्राने मात्र इमारत बांधून माणसे ठेवली नाहीत. मदतनीसांची यादी तयार ठेवणे, व्हीलचेअर दुरुस्त करून देणे, राहण्याजोगी घरे शोधणे आणि नव्याने दिव्यांगत्व आलेल्याला अनुभवी दिव्यांगाने सल्ला देणे, ही त्याची कामे होती. ज्या राज्य पुनर्वसन विभागाने एके काळी रॉबर्ट्स यांना नोकरीच्या दृष्टीने निकालात काढले होते, त्याच विभागाचे ते १९७५ मध्ये संचालक झाले. पुढे तेथील कायद्यानेच अशा केंद्रांच्या मंडळावर निम्म्याहून अधिक दिव्यांग व्यक्ती असण्याची अट घातली. आपल्या विश्वस्तांना हे फार दूरचे वाटल्यास कोल्हापूरचे उदाहरण द्यावे: नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, ती स्वतः व्हीलचेअरवर असतानाच.

प्रत्यक्षात असे करता येईल. मदतनीसाची मुलाखत ज्याला मदत हवी त्याने घ्यावी. पगाराची रक्कम संस्थेने त्या व्यक्तीच्या बँक खात्यात भरावी आणि तिने ती मदतनीसाला द्यावी; पगार कोणाच्या हातून मिळतो, यावर मदतनीस कोणाचे ऐकतो हे बरेच अवलंबून असते. संस्थेने मदतनीसाला माणूस उचलण्याची योग्य पद्धत, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) स्वच्छता आणि शय्याव्रणाची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवातीची लक्षणे ओळखणे यांचे प्रशिक्षण द्यावे, आणि हे प्रशिक्षण आमच्यासारख्यांकडूनच द्यावे. माकडहाडाजवळ लालसर डाग दिसला आणि दाबल्यावरही त्याची लाली गेली नाही, तर त्या दिवशी खुर्चीत बसायचे नाही, ही गोष्ट पुस्तकी शिक्षण घेतलेल्या माणसापेक्षा ते दुखणे महिनोन्महिने काढलेला माणूस अधिक ठामपणे सांगतो.

खोल्यांबद्दल एवढेच, की घरमालकाशी भाड्याचे बोलण्याआधी मोजपट्टी काढावी. साधी घडीची व्हीलचेअर बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते आणि भाड्याच्या घरांतील न्हाणीघराची चौकट आतून पुष्कळदा चोवीसच निघते. चौकट काढू द्यायला मालक सहसा तयार होत नाही. दार बिजागऱ्यांवरून उतरवून पडदा लावला, तर इंच-दीड इंच सुटतो. तेही न पुरल्यास आत छोट्या चाकांची अरुंद अंघोळीची खुर्ची ठेवावी लागते. पायरी सहा इंचांची असेल, तर एकास बारा या प्रमाणाने उतार सहा फूट लांब हवा, आणि तेवढी लांबी नेमकी शेजाऱ्याच्या दुचाकीच्या जागेत जाते. त्यामुळे शेजाऱ्याशीही आधीच बोलून घ्यावे.

ताळेबंद:

मी सार्वजनिक न्यासांच्या हिशेब तपासणीचे काम करतो, म्हणून केवळ कायदा आणि पैसा यांविषयी लिहितो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ५ मंडळासमोर वाचून दाखवावे. दिव्यांग व्यक्तीला ठरावीक निवासव्यवस्थेतच राहणे भाग पडू नये यासाठी शासनाने प्रयत्न करावेत, असे त्यात म्हटले असून समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक साहाय्याचाही उल्लेख आहे. कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. म्हणून भाडेकरारावर त्या व्यक्तीचीच सही असावी. संस्थेने भाडेकरू होऊ नये. उद्या तिचे संस्थेशी पटले नाही आणि तिने आपली सेवा नाकारली, तरी तिचे घर सुटता कामा नये.

मंडळातील बदल अवघड नाही. नियमावलीप्रमाणे रिकाम्या होणाऱ्या जागांवर दिव्यांग सदस्य घ्यावेत आणि बदलाची माहिती नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावी. हा बदल अहवाल (चेंज रिपोर्ट) वर्षानुवर्षे न भरलेल्या संस्था मी पाहतो आणि पुढे मोठा देणगीदार आला की तीच गोष्ट आडवी येते. वसतिगृहाचा काही भाग रिकामा झाला, तर तो भाड्याने देता येतो, परंतु मुदत तीन वर्षांपेक्षा अधिक असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

देणगीदारांकडे जाताना मदतनीसाचा पगार ‘आस्थापना खर्च’ या शीर्षाखाली दाखवू नये. तो कार्यक्रमाचा खर्च आहे, किंबहुना या कामात तोच कार्यक्रम आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधीही विसरू नये. त्याची मागणी लेखी आणि आर्थिक वर्ष सुरू होतानाच करावी, कारण फेब्रुवारीत गेल्यास घाईघाईने साहित्य वाटपच पदरी पडते.

एक आई, नाशिक:

वरील दोन्ही उत्तरे वाचली. ज्यांना आपले म्हणणे बोलून दाखवता येते, त्यांच्यासाठी ती योग्य असतील. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. तिच्या हातात पाचशेची नोट आणि दहाची नोट यांत तिच्या लेखी फरक नाही, आणि तिच्याशी जो गोड बोलतो त्याच्यामागे ती जाते. मदतनीसाची मुलाखत तिने घ्यावी, हे मला कोणत्या तोंडाने मान्य करता येईल? आमच्या पश्चात तिचे काय, हा प्रश्न आम्हा नवरा-बायकोला रोज पडतो, आणि संस्थेचे फाटक साडेसातला बंद होते याचा आमच्यासारख्यांना आधारच वाटतो. ताई, कमावत्यांना जरूर बाहेर पाठवा, पण त्या भरात वसतिगृह मोडू नका, एवढीच विनंती.

चाकांवरचा पुणेकर:

आपली भीती खोटी नाही आणि तिला माझ्याकडे आयते उत्तर नाही. मात्र निवड ही सगळी किंवा काहीच नाही, अशी नसते. आपल्या मुलीला नोटा कळत नसतील, तरी कोणाच्या हातून जेवताना ती शांत असते आणि कोण आले की अंग आखडून घेते, हे आपण पाहिलेच असेल. मदतनीस कायम करण्यापूर्वी आठवडाभर घरी ठेवून तेवढे नोंदवणे, हीसुद्धा तिने घेतलेली मुलाखतच आहे. पैशांचे व्यवहार वेगळे ठेवता येतात. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते, आणि २०१६ च्या कायद्याचे कलम १४ तर मर्यादित पालकत्वाचीच कल्पना मांडते, म्हणजे विशिष्ट निर्णयापुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ-सह-घरौंदा’ ही निवासी योजनाही आहे. वसतिगृह मोडावे, असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या मुलीला लागणाऱ्या फाटकाआड पतसंस्थेतल्या त्या बाईंना कोंडू नये, एवढे आपणही मान्य कराल.

वारणाकाठ:

सर्वांची मनापासून आभारी आहे. नाशिकच्या ताईंचे पत्र मी मंडळापुढे जसेच्या तसे ठेवणार आहे, कारण आमच्या विश्वस्तांपैकी दोघांची मुले याच अवस्थेत आहेत. सध्या असे ठरवले आहे की दोन जागा रिकाम्या होताच त्यांवर वसतिगृहातील रहिवाशांनी निवडलेले दिव्यांग सदस्य घ्यावेत आणि मदतनीसांच्या पाळ्यांचे वेळापत्रक येत्या महिन्यापासून कार्यालयाने न करता रहिवाशांनीच करावे. खोल्या त्यानंतर.

एक व्यवहारातील शंका मात्र राहते. खोलीत एकटी राहणारी व्यक्ती पलंगावर आहे, सकाळचे सात वाजले आहेत आणि मदतनीस आलाच नाही, तर आपण काय करता?

चाकांवरचा पुणेकर:

फोन रात्री चार्जिंगला लावून उशाशी ठेवायचा, टेबलावर नाही. बदली मदतनीस दोन हवेत आणि त्यांपैकी एक चालत येण्याच्या अंतरावर राहणारा हवा. त्यांना महिन्यातून एक-दोन पाळ्या मुद्दाम द्याव्यात आणि त्याचे पैसे द्यावेत, नाहीतर नेमक्या गरजेच्या दिवशी त्यांना उचलण्याची सवय राहिलेली नसते. घराची जादा किल्ली शेजारी असावी. संस्थेने सकाळी सहा ते नऊ उचलला जाईल असा एक क्रमांक ठेवावा आणि त्यावर बसणाऱ्याला पगार द्यावा. ‘कधीही फोन करा’ असे म्हणणाऱ्या भल्या कार्यकर्त्यांवर ही व्यवस्था सोडू नये, कारण लग्नसराईत ते सगळे एकाच मांडवात असतात. आणि पाण्याची बाटली हाताला लागेल अशी ठेवायची.