सॉफ्ट स्कल्प्चरला (दगड-धातूऐवजी दोर, कापड अशा मऊ वस्तूंचं शिल्प) मराठीत काय म्हणायचं? वस्त्रशिल्प चालेल का?

शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या (१९४९–२०१५) कामावर इथे नाशकात मुलांशी बोलायचंय, मराठीतच. रंगवलेले ताग-सणाचे दोर, गाठी मारत मारत माणसाएवढे नि त्याहून उंच आकार, धड झाड नाही धड शरीर नाही, नावं 'यक्षी', 'वनश्री' अशी. वस्त्रशिल्प म्हणू का?

>> नको हो ताई. वस्त्र म्हटलं की येवला डोळ्यासमोर येतं, माग आला, उभा-आडवा धागा आला. ह्यांच्या कामात माग नाहीच, आधी स्केचसुद्धा काढायच्या नाहीत, गाठीवर गाठ जशी वाढेल तसा आकार, आतून लागला तर लोखंडाचा आधार. तंतुशिल्प म्हणा. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांची १९६० च्या दशकातली मोठमोठी कामं मात्र विणलेली, सिसलची वगैरे, म्हणजे आपल्या घायपाताचा वाख, त्यांना वस्त्रशिल्प चालून जाईल. तिकडे तर आडनावावरून सरळ 'आबाकान' नाव पडलं, भांडणच मिटलं 😄

>> तंतुशिल्प म्हणजे शासकीय परिभाषा कोश वाटतो. सराफ बाजारात पटवेकऱ्याकडे मंगळसूत्र गाठवायला देतो ना आपण, तेच क्रियापद घ्या की. 'गाठवलेलं शिल्प'. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे कोरलेलं नाही, ओतलेलं नाही, विणलेलंही नाही. मुलं पुढे विचारतीलच कुठली गाठ, तर सुरगाठ निरगाठ हे शब्दही त्यांच्या कानावर पडतील, हल्ली गाठींच्या सगळ्याच कामाला मॅक्रमे म्हणून मोकळे होतात.

>> 'गाठवलेलं' एकदम पटलं. अजून एक, त्या दोरांच्या घड्या पडतात ना पाकळीसारख्या ओठासारख्या, त्यांना काय म्हणू? चुण्या?

>> चुण्या कापडाला, निऱ्या साडीला. इथे वळ्या म्हणा, पोटाच्या वळ्या असतात तशा, जुन्या काव्यातली त्रिवळी तीच. आणि दोरही आपण वळतोच, त्यामुळे कानाला उपरं वाटत नाही. घडी तर अजिबात नको, घडी मोडता येते.

>> सगळं ठीक, फक्त फलकावर तंतुशिल्प हाच शब्द घेतलात तर तंतूशिल्प असं दीर्घ लिहू नका प्लीज. सुटा तंतू दीर्घ, समासात तंतुशिल्प ऱ्हस्वच.