नबोनिडस तैमाला का राहिला? धूपमार्ग की चंद्रदेव?

कातळवाट (धागाकर्ता): इ. स. पू. ५५६ ते ५३९ या काळात बाबिलोनवर राज्य करणाऱ्या नबोनिडसने त्यांतील दहा वर्षे वायव्य अरबस्तानातील तैमा या मरूद्यानात काढली आणि राजधानी मुलाच्या, बेलशझरच्या, हवाली केली. याचे कारण म्हणून त्याची चंद्रभक्ती सांगितली जाते, ते मला पटत नाही. हर्रान (आजच्या तुर्कस्तानात) येथील त्याच्याच शिलालेखात तैमा, ददान, फदक, खैबर, यदी आणि यथ्रिब (आजची मदिना) या सहा ठिकाणांची नावे आहेत. ती नकाशावर जोडून पाहावीत; दक्षिणेकडून ऊद-लोबान घेऊन येणाऱ्या काफिल्यांची वाटच समोर येते.

उपरा: त्याच शिलालेखात कारणही दिलेले आहे: बाबिलोन, निप्पूर, उर वगैरे नगरांतील लोकांनी सिन या चंद्रदेवाचा अवमान केला, म्हणून राजा बाहेर पडला. नावे प्रमाण आणि कारण तेवढे अमान्य, हा न्याय सोयीचा आहे. जकातीची नाकी राखायला सुभेदार पुरला असता. त्यासाठी राजावाचून पार न पडणारा नववर्षाचा अकितू उत्सव वर्षानुवर्षे बंद ठेवण्याची जोखीम कोणता राजा घेईल?

कातळवाट: तो लेख परतल्यानंतर कोरलेला आहे, म्हणजे ती कैफियत झाली. कैफियतीत नावे सहसा खरी असतात, हेतू मात्र तपासून घ्यावे लागतात.

मृगजळ: आपण दोघेही बाबिलोनच्या गच्चीवरून पाहत आहात. तैमा काही ओसाड माळ नव्हता. त्याच्या जवळच्या खडकावर तिसऱ्या रामसेसची नाममुद्रा आहे, म्हणजे नबोनिडसच्या सुमारे सहाशे वर्षे आधीपासून इजिप्तला ही वाट ठाऊक होती. तैमाकरांचा स्वतःचा सल्म नावाचा देव होता, स्वतःची लिपीही होती. त्या लिपीत, तैमाच्या परिसरातील खडकावर, एका माणसाने आपण ‘न-ब-न-द म-ल-क ब-ब-ल’, म्हणजे बाबिलच्या राजा नबोनिडसचा, सेवक असल्याचे कोरून ठेवले आहे. (स्वर लिहिण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे उच्चार आपणच भरायचा.) राजाच्या पदरी असलेला माणूस बाबिलोनची कीलाक्षरे (खिळ्याच्या आकाराची लिपी) सोडून स्थानिक लिपीत लिहितो, याचा विचार दोन्ही बाजूंच्या मांडणीत दिसत नाही.

उपरा: मुद्दा मान्य, पण त्यातून राजा तिथे कसा रुळला हे कळते, का आला हे कळत नाही. अल-हाइत येथे, म्हणजे जुन्या फदकात, सापडलेला त्याचा लेख २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यात राजदंड घेतलेल्या राजाच्या सोबतीला चंद्राचे चिन्ह आहे, उंटांचा तांडा नाही.

कातळवाट: आणि ते चिन्ह कोरायला त्याने खडक निवडला तो त्या सहा ठिकाणांपैकीच एका ठिकाणचा.