विदर्भाचाही संबंध आहे
‘हवेतला कार्बन समुद्रात मुरवायच्या नियोजनात विदर्भाला कशाला विचारायचं’ असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. बेसाल्टची (काळ्या दगडाची) भुकटी शेतात टाकली की पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन नदीत उतरतो; आपल्याकडून वर्धा-वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागरात. भारतातल्या धानशेतीत हेच करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ या हवेतला कार्बन कमी करायच्या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

मात्र अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात हे नकोच. तिथली जमीन आधीच चोपण, म्हणजे अल्कधर्मी; भुकटी विरघळायला फार वेळ लागेल. भंडारा-गडचिरोलीच्या धानाच्या बांध्या त्यापेक्षा बऱ्या. आणि आमच्या गावाजवळच्या गिट्टी क्रशरची धूळ पऱ्हाटीच्या पानांवर थर धरून बसते, निंदणाऱ्या बायांच्या नाकातोंडात जाते. म्हणून भुकटी ओली करूनच पसरवायची, ही अट नियोजनात पहिल्यापासून हवी.