तेलुगू घरची मुलं ‘रवीनं पोळी खाल्ला’ का म्हणतात?

प्रश्न (देगलूर, जि. नांदेड):
चौथीचा वर्ग, निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू. ‘ने लागला की क्रियापद कर्माप्रमाणं’ हे पाठ आहे, रिकाम्या जागा बरोबर भरतात. बोलताना मात्र ‘रवीनं पोळी खाल्ला’. मेंदू अडतो कुठं? सराव कसा घ्यावा?

उत्तर १:
मॅडम, वहीत मूल नियम आठवून लावतं. बोलताना तेवढी सवड नसते, घरची सवय पुढं येते. तेलुगूत ‘ने’ नाही. ‘रवि रोट्टे तिन्नाडु’ (रवीनं पोळी खाल्ली) मधला ‘डु’ रवीच्या लिंगाचा, पोळीच्या नाही. त्यामुळं ‘रवी’ म्हणतानाच ‘खाल्ला’ तयार असतो.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून हे मोजतात. मातृभाषेत लिंग-वचनाची जुळणी चुकली की साधारण ६०० मिलिसेकंदांनी धन लहर उठते, पी-६००. शब्द अर्थानं बेमेल असेल तर ४०० च्या आसपास ऋण लहर, एन-४००. वॉशिंग्टन विद्यापीठात नव्यानं फ्रेंच शिकणाऱ्यांमध्ये व्याकरणाच्या चुकीलाही आधी एन-४०० दिसली, काही महिन्यांनी पी-६००. म्हणजे सुरुवातीला ‘पोळी खाल्ली’ ही नुसती कानावर बसलेली जोडी असते, नियम नंतर मुरतो.

उत्तर २:
खरी अडचण लिंगाची आहे. तेलुगूत एकवचनी क्रियापदाला पुरुष एकीकडं; बाई, गाय, पोळी, आंबा सगळे दुसरीकडं. मराठीत प्रत्येक वस्तूचं लिंग नव्यानं शिकावं लागतं. आधी ‘ती पोळी, तो आंबा, ते केळं’ पक्कं करा. मग ‘पोळी खाल्ली’, त्यानंतरच ‘रवीनं’.

कर्ता आणि कर्म मुद्दाम वेगळ्या लिंगाचे घ्या: ‘सीतेनं आंबा खाल्ला’. ‘सीतेनं पोळी खाल्ली’ हे चुकीच्या नियमानंही बरोबर येतं, चूक झाकली जाते. पुस्तकातली बरीच वाक्यं अशीच असतात, तेवढी बदलून घ्या.

जमलं की अंतर वाढवा: ‘रवीनं पोळी शाळेत यायच्या आधी खाल्ली’. मध्ये शब्द आले की पोळीचं लिंग लक्षात धरून ठेवावं लागतं, तिथंच ते सुटतं. चुकलं तर मधले शब्द कमी करा, नियम पुन्हा सांगत बसू नका.

उत्तर ३:
‘शिकला, विसरला, प्यायला’ सुरुवातीला टाळा. ‘रवी कविता शिकला’ इथं ‘ने’ नाही, क्रियापद कर्त्यामागं जातं. ‘रवीनं मुलीला पाहिलं’ सगळ्यात शेवटी.

प्रश्नकर्ती:
आणि ‘मी पोळी खाल्ली’?

उत्तर २:
तेही नंतर. ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, मुलांना धरायला खूण उरत नाही. ‘तू पोळी खाल्लीस’ तर त्याहून अवघड; शेवटचा ‘स’ कर्त्याचा, ‘ली’ पोळीची.