'थ्रॉबिंग'ला ठणका म्हणायचं की ठसठस?

वॉर्डातला वेदनेचा फॉर्म मराठीत करतेय. 'थ्रॉबिंग'ला मसुद्यात 'स्पंदनशील वेदना' लिहिलंय. असं कुठलाच पेशंट बोलत नाही. ठणका चालेल की ठसठस?

प्रतिसाद १ : दोन्ही ठेवा, ताई. ठसठस गळवाची, पू धरलेल्या बोटाची. ठणका दाढेचा, कानाचा, रात्रभर जागवणारा. मुळात मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात केलेल्या १९७५ च्या वेदनेच्या प्रश्नावलीत दुखण्याचं वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेत. पहिल्याच गटात थ्रॉबिंगच्या आजूबाजूला पल्सिंग, बीटिंग, पाउंडिंग आहेत. तिथे शब्दाला शब्द शोधत बसलात तर अडकाल. आपल्याकडे शब्दातच बहुतेकदा जागा आणि चाल येते. कळ पोटात, येते नि जाते. उसण पाठीत भरते. खरचटलं की चुरचुरतं. मधुमेहाचा पेशंट 'तळपायांची आग होते, मुंग्या येतात' म्हणाला, की डॉक्टरांचं लक्ष नसांकडे जातंच. 'स्पंदनशील' लिहून ही माहिती आपण स्वतःच पुसून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २ : आणि शून्य ते दहाच्या पट्टीवर प्रश्न कसा लिहायचा? 'दुखणं किती?' विचारलं तर आजी म्हणाल्या, 'सहा महिने झाले.'

प्रतिसाद १ : बरोबरच सांगितलं त्यांनी. दुखणं म्हणजे आजारही. दुखणेकरी, दुखणं अंगावर काढणं, हे सगळं त्यातलंच. क्रियापद वापरा : 'आत्ता, या घडीला, किती दुखतंय?' 'वेदना' छापील वाटतो, पण बाळंतपणाच्या 'वेणा' त्याच शब्दातून आल्या, तेव्हा तो अगदीच परका नाही.

एक मात्र जपा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एक मावशी 'बारा आणे' म्हणाल्या. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून आमच्या नवीन सिस्टरने हिशेब करून साडेसात लिहिले. मावशींना म्हणायचं होतं, बारा आणे फरक पडला. दुखत होतं ते चारच आणे. किती दुखतंय आणि किती उतरलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फॉर्मवर दोन्हींना वेगळी ओळ द्या, आणि कुणी आण्यांत सांगितलं तर 'राहिलंय की गेलंय?' एवढं विचारूनच आकडा लिहा.

मूळ प्रश्नकर्ती : दोन ओळी केल्या. ठणका आणि ठसठस शेजारी-शेजारी घेतले. आता 'शूटिंग'ला सणक लिहू की चमक?