स्क्वॉड, चमू, ताफा की नुसताच संघ?

परभणीकर:
दर वर्षी जुलै-ऑगस्टात आम्ही पाच-सहा जण मिळून आमच्या आवडत्या फुटबॉल क्लबाचं टिपण काढतो. नव्या हंगामाला आपल्याकडं कोण आहे, कोण गेलं, कुठं भोक पडलंय, असलं सगळं. क्लब इंग्लंडातला, आम्ही परभणीचे. वाचणारेही आमच्यासारखेच, रात्री अडीचला सामना संपला की स्टेशनकडं चहा शोधत फिरणारे. कोणता क्लब ते सांगत नाही. सांगितलं तर पुढची चर्चा शब्दांची राहणार नाही.

यंदा पहिल्याच वाक्याला अडलो. एकानं लिहिलं, "संघाने संघात बदल करून संघ मजबूत केला." यातला पहिला संघ म्हणजे क्लब, दुसरा म्हणजे मैदानात उतरणारे अकरा आणि तिसरा म्हणजे नोंदवलेले सगळे. इंग्लंडात प्रीमियर लीगला जास्तीत जास्त 25 जणांची यादी द्यावी लागते. त्यात तिथल्या क्लबांत न घडलेले 17 पेक्षा जास्त चालत नाहीत. एकविशीच्या आतली पोरं या मोजणीत धरत नाहीत. या अख्ख्या यादीला ते स्क्वॉड म्हणतात. आपण काय म्हणायचं?

दुसरा प्रश्न या कामाच्या नावाचा. सगळे 'आढावा' लिहितात. मला तो पटत नाही. आढावा म्हणजे जमाखर्च झाल्यावर वही उघडून मेळ घालणं. इथं अजून एक चेंडू पडलेला नाही, मेळ कशाचा घालणार?

अंबाजोगाईचे मास्तर:
'चमू' हा शब्द तयार असताना शोधाशोध कशाला? गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन द्रोणांना "महतीं चमूम्" बघा म्हणतो. तुम्ही जे टिपण काढता तेच तो काढतो आहे. क्रमही बघण्यासारखा आहे. आधी समोरच्यांची नावं घेतो, युयुधान, विराट, द्रुपद, धृष्टकेतू. मग आपल्याकडचे भीष्म, कर्ण, कृप. स्वतःकडं अकरा अक्षौहिणी, समोर सात, तरी 'मोठी' म्हणतो समोरचीलाच. सामन्याआधीची धास्ती अशी असते.

शब्दाचा मूळ अर्थही सांगून ठेवतो. चमू हे सेनेचं ठरलेलं माप आहे. 729 हत्ती, 729 रथ, 2187 घोडे आणि 3645 पायदळ. अशा तीस चमू झाल्या की एक अक्षौहिणी. आणि हो, संस्कृतात चमू स्त्रीलिंगी आहे. 'तो चमू' वाचलं की माझ्या कपाळावर आठी पडते.

नांदेडहून:
मास्तर, आठी पडू द्या, पण विदर्भातली वर्तमानपत्रं 'पोलिसांची चमू' असं स्त्रीलिंगीच लिहितात, तेवढं समाधान असू द्या. आमच्याकडं ती किनवट-माहूरच्या वाटेनं आली असावी. तरी बोलताना कुणी 'आपली चमू' म्हणत नाही. बातमीत धाड टाकायला जाते ती चमू.

त्याच अध्यायात पुढं दुर्योधन "अपर्याप्तं तदस्माकं बलं" म्हणतो ना? अपर्याप्त म्हणजे अमर्याद की अपुरं, यावर टीकाकारांत अजून एकमत नाही. परभणीकर, तुमच्या टिपणाला हाच शब्द द्या. हंगाम कसाही गेला तरी तुम्ही बरोबरच ठराल.

परभणीकर:
हे मला फार आवडलं. शेवटच्या दिवशी "आम्ही आधीच म्हणालो होतो" म्हणायची सोय.

संभाजीनगरहून:
ताफा का नको? अरबीतल्या ताइफाचा तो ताफा, म्हणजे जमाव, टोळी. तमाशाचा ताफा, मंत्र्याचा ताफा. फक्त त्याच शब्दाचा सख्खा भाऊ 'तायफा' झालाय. एक अक्षर चुकलं तर क्लबाची अब्रू जायची.

थोडं अवांतर. मराठवाड्याला फुटबॉल परका, असा सूर नेहमी लागतो. 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या काळात हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं मुंबईचा रोव्हर्स चषक 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं नेला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. भारतानं 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हाही तेच प्रशिक्षक होते. म्हणजे त्या पाच वर्षांत औरंगाबाद-परभणीच्या माणसाला 'आपल्या राज्याचा संघ' म्हणून अभिमान धरायचा असता तर तो पोलिसांचा. त्या वेळी उर्दू पेपरात याला कोणता शब्द असेल, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत कात्रण असेल तर बघा.

उदगीरचा:
कामून येवढं डोकं खाजवायलेत? संघाला गडी म्हणा. खो-खोत गडी, कबड्डीत गडी, वावरात सालगडी. "यंदा गडी किती हायत आपल्याकडं" म्हणलं की इषय संपला.

अन् पारख कशी करायची ते हळीच्या बाजारात येऊन बगा. बैलाचं दात बगत्यात. आदत म्हणजे दुधाच्या दाताचा, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, अन् सगळे दात आले की जुळला. जुळलेल्यावर वर्षं मोजायची. तुमच्या यादीत बी तेच बगा. आदत किती, जुळलेले किती. नुसते जुळलेले असले की दोन वर्षांनी दावण रिकामी. नुसते आदत असले की औत वाकडंतिकडं. धुरेला एक जुना लागतोच. ट्रान्सफर म्हणजे दुसरं काय वो, हेडी रुमालाखाली बोटं दाबतो, भाव ठरतो, भवतालच्याला कळत बी नाही.

परभणीकर:
दादा, हेडी म्हणजे एजंट, हे मी टिपणात घालतोय. दाताचा हिशोबही घालतो. आमच्या बचावात जुळलेले चार आहेत आणि त्यांतल्या दोघांना पावसाळ्यात गुडघे धरतात.

पण एक शंका आहे. सालगडी पाडव्याला ठरतो, साल भरलं की मोकळा. ते कराराला बरोबर बसतं. दुसऱ्या क्लबाकडून हंगामापुरता आणलेला खेळाडू मात्र वेगळा. त्याला पेपरात 'कर्जाऊ' म्हणतात. ते वाचलं की मला सोसायटीची वसुली आठवते.

हिंगोलीच्या बाई:
त्याला 'उसना' म्हणा की. उसनी साखर परत द्यावी लागते, भरल्या वाटीनं. 'हंगामी' मात्र म्हणू नका. हंगामी म्हणजे आपल्याकडं कायम न झालेला कर्मचारी, नाहीतर नियमित कर्णधार जखमी म्हणून नेमलेला तात्पुरता कर्णधार. गंमत बघा, 'हंगाम' हा फारसीतला वेळेचा शब्द, आपण तो पेरणी-सुगीला लावला आणि 'हंगामी' होताच त्यातलं कायमपण निघून गेलं.

माझी खरी तक्रार 'बदली' वर आहे. बाकावरून मैदानात येतो तो बदली खेळाडू. मग क्लब सोडून दुसरीकडं जातो त्याला काय म्हणायचं? मी जिल्हा परिषदेत वीस वर्षं काढली. "बदली झाली" ऐकलं की मला तरी सेनगाव ते औंढा दिसतं, नव्वदाव्या मिनिटाला धावत येणारा पोरगा दिसत नाही.

वसमतकर:
बाईंचा मुद्दा पुढं नेतो, कारण इथंच टिपणं फसतात. आपण 'राखीव' म्हणतो तेव्हा डोक्यात क्रिकेटचा बारावा गडी असतो. पाणी घेऊन जाणारा, फार तर क्षेत्ररक्षणाला उभा राहणारा. त्यानं फलंदाजी करायची नाही, गोलंदाजी करायची नाही. त्यामुळं मराठी वाचणाऱ्याला राखीव म्हणजे कमअस्सल वाटतो. फुटबॉलात आत आलेला गडी पूर्ण हक्काचा असतो. 2022-23 पासून प्रीमियर लीगमध्ये बाकावर नऊ बसतात, त्यातले पाच आत येऊ शकतात. दहा मैदानी खेळाडूंपैकी निम्मे बदलता येतात! अशा वेळी अकरा जणांकडं बघून संघ जोखणं म्हणजे ओसरी बघून वाड्याचं मोल करण्यासारखं. मी तर 'राखीव' सोडून 'बाकावरचे' लिहितो. साधं आहे, कमीपणा नाही.

नांदेडहून:
बाकावरचे महत्त्वाचे खरे, पण त्याचं सूत्र करू नका. लिस्टर क्लब 2015-16 ला आठवा. सट्टेवाल्यांनी 5000 ला 1 असा भाव दिला होता, आदल्या वर्षी चौदावे आलेले. प्रशिक्षक रानिएरींनी जवळपास तेच अकरा दर आठवड्याला उतरवले आणि 81 गुणांनी लीग जिंकली. उलट बाजूला मँचेस्टर सिटी. सलग चार वर्षं विजेते, बाकावर कोट्यवधींचे गडी. सप्टेंबर 2024 मध्ये आर्सेनलविरुद्ध मधल्या फळीतल्या एकट्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि तिसऱ्या क्रमांकावर आले. त्या हंगामात जिंकलं लिव्हरपूल. उन्हाळ्यात त्यांनी संघात आणला कोण, तर एकटा किएजा. तेव्हाची टिपणं काढून वाचा. "खरेदीत झोपले" हा शेरा निम्म्या ठिकाणी सापडेल.

परभणीकर:
म्हणूनच म्हणतोय, आढावा नाही हा. अंदाज आहे. पण अंदाज म्हटलं की हवामान खात्यासारखं वाटतं, आणि ते इकडं शिवीच्या जवळ जातं.

वसमतकर:
शब्द तुमच्या तलाठी कार्यालयात लटकलेला आहे. नजरअंदाज.

आमच्या घरात दोन पिढ्या महसुलात गेल्या, म्हणून सांगतो. पीक उभं असताना भरल्या पिकाच्या रुपयात किती पैसे पीक येईल, हे बांधावरून बघून ठरवतात ती नजरअंदाज पैसेवारी. मग सुधारित. पीककापणी प्रयोग होऊन हाती काय लागलं ते कळलं की अंतिम. आधी हे आण्यांत होतं म्हणून म्हातारी माणसं अजून आणेवारीच म्हणतात, सोळा आणे पीक म्हणजे भरलेलं. पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव टंचाईत. तुमचं ऑगस्टातलं टिपण म्हणजे पहिली पायरी. जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडते तेव्हा सुधारित. मे महिन्यात अंतिम.

अडचण एकच. हिंदीनं या शब्दाचा बट्ट्याबोळ केलाय. हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. आता आपली पोरंही "त्यानं मला नजरअंदाज केलं" म्हणतात. मराठीत मात्र नजर लावून केलेला अंदाज, म्हणजे नेमकं उलटं.

अंबाजोगाईचे मास्तर:
शब्द खरा आहे. तरी तुमचा तरुण वाचक "संघाचा नजरअंदाज" वाचून संघाकडं दुर्लक्ष झालं असंच समजेल. त्याला 'पैसेवारी' जोडूनच वापरा, मग गैरसमजाला जागा नाही. चमूबद्दलचा माझा आग्रह मागं घेतो. 7290 चा आकडा तुमच्या 25 जणांवर लादणं बरं नाही.

उदगीरचा:
मास्तर, बैल पण पैशातच मोजत्यात. आता तरी गडी म्हणा.

परभणीकर:
ठरलं. क्लबाला क्लब, मैदानातल्यांना संघ, सगळ्या यादीला 'गडी', हंगामापुरत्याला 'उसना'. बाईंनी दिलेला 'उसना' मला जास्तच आवडला, कारण लीगचा नियमही तसाच आहे. उसना खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध उतरवता येत नाही. वारंगुळ्यानं आणलेला बैल मालकाच्याच बांधावर कसा सोडणार?

शीर्षक असं दिलंय: 'यंदाचे गडी : नजरअंदाज पैसेवारी'. गोलरक्षक 85 पैसे. मधली फळी 70. आघाडी 60, तीही उसन्यासकट. बचावाची डावी बाजू 42.

हिंगोलीच्या बाई:
42? मग डाव्या बाजूला टंचाई जाहीर करून टाका, जानेवारीपर्यंत टँकर तरी सुरू होतील.